स्पेशल केअर डेंटिस्ट्रीत जायचंय? यूकेतल्या डेंटल थेरपिस्टांनी आधी काय करायचं आणि कोर्स कधी घ्यायचा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मेसेज करतं की ताई, मी डेंटल थेरपिस्ट आहे, हाय स्ट्रीटवरच्या प्रॅक्टिसमध्ये दिवसभर स्केलिंग करून वैताग आलाय, स्पेशल केअरमध्ये जायचंय तर कुठला डिप्लोमा करू? माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी पेशंट, मग डिप्लोमा. लोकांना ते आवडत नाही कारण डिप्लोमा ऑनलाइन फॉर्म भरून मिळतो आणि पेशंटसाठी नोकरी बदलावी लागते. पण एकदा सविस्तर लिहून ठेवते म्हणजे लिंक पाठवून मोकळी होईन.

हे कुणासाठी आहे ते आधी सांगते. डेंटल थेरपिस्ट म्हणजे डेंटिस्ट नसलेला, पण स्केलिंग, फिलिंग असे उपचार करणारा रजिस्टर्ड माणूस. आपल्यातले बरेचजण पुणे, नागपूर, कराड, लोणी इकडून बीडीएस करून यूकेत आले आणि ओआरईच्या (परदेशी डेंटिस्टसाठीची रजिस्ट्रेशनची परीक्षा) सीटची वाट बघता बघता जीडीसीकडे (दातांच्या व्यवसायाचं रजिस्टर ठेवणारी संस्था) थेरपिस्ट किंवा हायजिनिस्ट म्हणून रजिस्टर झाले. तो रस्ता ८ मार्च २०२३ पासून बंद झालाय, आता परदेशातली डेंटिस्टची डिग्री दाखवून थेरपिस्टच्या रजिस्टरवर जाता येत नाही, त्यामुळे "मी पण तसंच करू का" असं विचारणाऱ्यांना आधीच हात जोडून नाही म्हणते. जे आधीच रजिस्टरवर आहेत त्यांचं रजिस्ट्रेशन तसंच आहे. तर हे त्यांच्यासाठी, आणि इथेच शिकून थेरपिस्ट झालेल्या आपल्या पोरापोरींसाठी.

स्पेशल केअर म्हणजे ज्यांना साध्या प्रॅक्टिसमध्ये दात दाखवणं जमत नाही अशांची दातांची देखभाल, पण ते नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यासमोर फक्त लर्निंग डिसॅबिलिटी येते. प्रत्यक्षात यादी फार मोठी आहे, डाउन सिंड्रोम, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी तर आहेच, शिवाय डिमेन्शियावाले आजीआजोबा, स्ट्रोक झालेले, पार्किन्सन्सवाले, स्किझोफ्रेनियाची औषधं चालू असणारे, कॅन्सरची रेडिओथेरपी झालेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, रस्त्यावर राहणारे लोक, आणि दातांच्या नावानेच घाम फुटतो असे फोबियावाले सुद्धा. इथे ही स्पेशालिटी टीनएजर आणि मोठ्यांची धरतात, लहान मुलं पीडियाट्रिकवाल्यांकडे जातात. जीडीसीने २००८ मध्ये तिला वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्यता दिली. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, स्पेशालिस्ट लिस्ट फक्त डेंटिस्टसाठी आहे. तुम्ही कितीही कोर्स केलेत तरी नावापुढे स्पेशालिस्ट लावता येणार नाही, लावलंत तर जीडीसी विचारणार. हे ऐकून ज्यांचा उत्साह मावळला त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, खरंच.

पण थेरपिस्ट या क्षेत्रात उपरे नाहीत बरं का, उलट आपलं मूळ घरच हे आहे. १९६० मध्ये लंडनला न्यू क्रॉसची शाळा सुरू झाली तेव्हापासून थेट २००२ पर्यंत थेरपिस्टला साध्या प्रायव्हेट किंवा एनएचएस (सरकारी) प्रॅक्टिसमध्ये काम करायची परवानगीच नव्हती, फक्त हॉस्पिटल आणि कम्युनिटी सर्व्हिस. म्हणजे शाळांमधली मुलं, केअर होम, ज्यांना कुठलाच डेंटिस्ट घेत नाही असे पेशंट, हे सगळं थेरपिस्ट आधीपासून बघत आलेत. १ मे २०१३ पासून डायरेक्ट ॲक्सेस आला, म्हणजे पेशंटला आधी डेंटिस्टने बघायलाच पाहिजे ही अट गेली.

मर्यादा पण ठाऊक असू द्या. पक्के दात काढणं, पक्क्या दातांचं रूट कॅनाल, डेंचर हे आपल्या स्कोपमध्ये नाही. बीडीएस झालेल्यांना हे फार जड जातं, हात शिवशिवतात. पण स्पेशल केअरमध्ये जे काम सगळ्यात जास्त लागतं ते नेमकं आपल्याच स्कोपमधलं आहे, हिरड्यांचे उपचार, फिलिंग, फ्लोराइड, केअररला शिकवणं, आणि एकाच पेशंटला परत परत बोलावून त्याची भीती घालवणं. स्पेशालिस्टकडे तेवढा वेळ नसतो. तो प्लॅन करतो, जनरल ॲनेस्थेशियाची लिस्ट चालवतो, आणि मधल्या काळात पेशंटला टिकवायचं काम आपलं.

नोकरी आधी शोधा

साध्या प्रॅक्टिसमध्ये न जमणारे पेशंट बघणारी एनएचएसची सेवा म्हणजे इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये कम्युनिटी डेंटल सर्व्हिस, स्कॉटलंडमध्ये पब्लिक डेंटल सर्व्हिस. इंग्लंडात ही कधी एनएचएस ट्रस्टकडे असते तर कधी सोशल एंटरप्राइजकडे, त्यामुळे एनएचएस जॉब्सवर नुसतं ट्रस्टचं नाव टाकून शोधलं तर अर्ध्या जागा दिसणारच नाहीत, "डेंटल थेरपिस्ट कम्युनिटी" असं टाकून अलर्ट लावून ठेवा. पगार बऱ्याचदा एनएचएसच्या पगारश्रेणीतल्या बँड ६ चा असतो. प्रायव्हेटमध्ये टक्केवारीवर कमावणाऱ्यांना तो आकडा बघून धक्का बसेल, पण पेन्शन, पगारी सुट्टी, सिक लीव्ह आणि मुख्य म्हणजे एका पेशंटला पाऊण तास मिळू शकतो, हे धरून हिशोब करा. सगळं सोडायची गरज नाही, आठवड्यातले दोन दिवस कम्युनिटी आणि बाकी प्रॅक्टिस असं करणारे भरपूर आहेत, मला तरी सुरुवातीला तेच शहाणपणाचं वाटतं.

जागाच निघत नसेल तर शॅडोइंग मागा. क्लिनिकल लीडला चार ओळींचा ईमेल करायचा, मी अमुक, रजिस्ट्रेशन इतक्या वर्षांचं, मला तुमच्याकडे महिन्यातून एक दिवस नुसतं बघायला यायचंय, डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदीची तपासणी) आहे, हेपेटायटिस बी चे रिपोर्ट आहेत, इन्डेम्निटी (कामातल्या चुकांसाठीचं संरक्षण) चालू आहे. लांबलचक "आय ॲम हायली पॅशनेट" वगैरे पुराण नको, त्यांच्याकडे वाचायला वेळ नसतो. हात लावायचा असेल तर ऑनररी कॉन्ट्रॅक्ट (बिनपगारी करार) लागतं, त्याला ऑक्युपेशनल हेल्थच्या कागदांसकट बराच वेळ जातो, म्हणून लवकर सुरू करा. आणि गेल्यावर सर्जनला चिकटून बसू नका, डेंटल नर्सच्या बाजूला उभं राहा. स्पेशल केअरच्या जुन्या नर्सना जे माहीत असतं ते कुठल्याही हँडआउटमध्ये नसतं, पेशंट दारातून आत येताना कुणी बोलायचं, लाइट कधी लावायचा, कुठला आवाज बंद करायचा, कुणाची व्हीलचेअर टिपरवर (अख्खी व्हीलचेअर मागे कलवणारा प्लॅटफॉर्म) घ्यायची आणि कुणाला हॉइस्टने (माणूस उचलायचं यंत्र) खुर्चीत घ्यायचं.

कपॅसिटी (निर्णय घ्यायची क्षमता) आणि कन्सेंट (संमती), इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आपण जिथे शिकलो तिथे पेशंट वयस्कर असेल किंवा मतिमंद असेल तर मुलगा नाहीतर वडील सही करतात आणि काम सुरू होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. इथे ते डोक्यातून काढून टाकावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ चालतो, १६ वर्षांपासून पुढे लागू. त्याप्रमाणे प्रत्येक माणसाला निर्णय घेता येतो असंच धरून चालायचं, जोवर तसं नाही हे तुम्ही दाखवत नाही तोवर. आणि मोठ्या माणसासाठी मुलगा, बायको, केअर होमची मॅनेजर यांपैकी कुणीही नुसत्या नात्यावर किंवा हुद्द्यावर कन्सेंट देऊ शकत नाही. हेल्थ अँड वेल्फेअरची लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी (पेशंटने आधीच दुसऱ्याला दिलेलं निर्णयाचं अधिकारपत्र) रजिस्टर झालेली असेल तर तो माणूस देऊ शकतो, तेही पेशंटला स्वतःला तो निर्णय घेता येत नसेल तरच. पैशापाण्याची पॉवर ऑफ ॲटर्नी दातांसाठी चालत नाही, कागद उघडून बघा, लोक चुकीचा कागद अगदी आत्मविश्वासाने आणतात.

कपॅसिटी तपासायची म्हणजे काय, तर या माणसाला माहिती समजते का, निर्णय होईपर्यंत ती लक्षात राहते का, तो तिचा विचार करून तोलू शकतो का, आणि कुठल्याही मार्गाने का होईना सांगू शकतो का, मग मान हलवून, मकाटॉनच्या खुणांनी, चित्रांच्या कार्डांनी कसंही. हे त्या त्या निर्णयापुरतं आणि त्या वेळेपुरतं असतं. सकाळी ११ ला व्यवस्थित हो-नाही सांगणाऱ्या आजी दुपारी ४ ला गोंधळलेल्या असतात, मग अपॉइंटमेंट सकाळची द्या, एवढं साधं आहे ते. दात घासून घ्यायला हो म्हणणारा माणूस फिलिंगच्या बाबतीत निर्णय घेऊ शकेलच असं नाही आणि उलटंही. कपॅसिटी नाही असं ठरलं तर बेस्ट इंटरेस्ट, म्हणजे पेशंटच्या भल्याचं काय ते ठरवायचं, त्यात घरच्यांना, केअररला विचारायचं, माणसाला पूर्वी काय आवडायचं ते बघायचं, आणि कमीत कमी बंधन घालणारा मार्ग घ्यायचा. उपचार मोठा आहे आणि विचारायला जवळचं कुणीच नाही असं असेल तर आयएमसीए म्हणजे स्वतंत्र ॲडव्होकेट लागतो. स्कॉटलंडमध्ये कायदा वेगळा, ॲडल्ट्स विथ इनकपॅसिटी ॲक्ट २०००, तिथे पेशंटला निर्णय घेता येत नाही असं सांगणारं सेक्शन ४७ चं सर्टिफिकेट लागतं आणि ते थेरपिस्ट देत नाही. बॉर्डर ओलांडून नोकरी घेणाऱ्यांनी हे आधी वाचा.

इंटरव्ह्यूला हमखास येणारा प्रश्न सांगते. पेशंट तोंड उघडत नाहीये, हात झटकतोय, आणि केअरर म्हणतोय की मी हात धरतो तुम्ही पटकन करून टाका. तुम्ही काय कराल? बरेच हुशार लोक इथे लगेच सेडेशनवर (औषधाने शांत करणं) उडी मारतात. पॅनेलला ऐकायचं असतं की आधी थांबाल, उपकरण बाजूला ठेवाल, तो का झटकतोय ते बघाल, दुखतंय, घाबरलाय, की गरम होतंय, लाइट डोळ्यात जातोय, मागच्या वेळचं काही आठवतंय. आज हे करणं खरंच अर्जंट आहे का हे विचाराल. कपॅसिटीचं काय आणि बेस्ट इंटरेस्ट मीटिंग झालीये का ते नोट्समध्ये बघाल. क्लिनिकल होल्डिंग हा प्रकार आहे, पण तो ट्रेनिंग घेतलेल्या लोकांनी, आधी ठरवून, लिहून, कमीत कमी वेळ करायचा असतो, ऐनवेळी केअररने मनगट दाबून नाही. एवढं नीट सांगता आलं की अर्धी नोकरी तुमची.

याच्या जोडीला ऑलिव्हर मॅकगोवन ट्रेनिंग घ्यावंच लागतं. ऑलिव्हर हा ऑटिझम असलेला १८ वर्षांचा मुलगा, त्याने आणि घरच्यांनी नको म्हटलेलं असताना त्याला अँटीसायकोटिक औषध दिलं गेलं आणि २०१६ मध्ये तो गेला. त्याच्या आईच्या पाठपुराव्यानंतर २०२२ च्या हेल्थ अँड केअर ॲक्टमध्ये इंग्लंडच्या हेल्थ आणि केअर स्टाफसाठी लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझमचं ट्रेनिंग बंधनकारक झालं. आधी ई-लर्निंग, मग टियर १ किंवा टियर २, पेशंटच्या अंगाला हात लावणाऱ्या आपल्यासारख्यांना टियर २ बरा. शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः ऑटिझम किंवा लर्निंग डिसॅबिलिटी असलेले लोक असतात, म्हणून हा मोड्यूल क्लिक क्लिक करत संपवायचा नाही.

खुर्चीजवळ काय शिकायचं

एकच उदाहरण जवळून सांगते म्हणजे अंदाज येईल. पेग ट्यूबने (पोटातून थेट जठरात घातलेली नळी) फीड होणारा पेशंट, तोंडाने काहीच खात नाही, नवख्याला वाटतं की मग दात चकचकीत असतील. उलट, अशा लोकांच्या दातांवर कॅल्क्युलस (कडक किटण) भराभर जमतो, खालच्या पुढच्या दातांच्या मागे अक्षरशः भिंत उभी असते, कारण चावणंच नाही आणि बऱ्याचदा गिळणंही नीट नाही. आता हात सवयीने अल्ट्रासॉनिककडे (पाणी मारत साफ करणारं यंत्र) जातो. पण गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी सोडणं म्हणजे ते फुप्फुसात जायची जोखीम. म्हणून त्याला आडवं करायचं नाही, बऱ्यापैकी बसतं ठेवायचं, हँड स्केलर घ्यायचा, नर्सचं हाय व्हॉल्यूम सक्शन कायम तोंडाशी, थोडं काम, थांबा, श्वास बघा, रंग बघा, परत थोडं. सुटलेला तुकडा घशाकडे जायच्या आत उचलायचा. फीड नुकतंच दिलंय का हे सुरुवातीला विचारायचं. एका बैठकीत सहा दात झाले तरी तो चांगला दिवस. घरी केअररला फेस न होणारी, एसएलएस नसलेली पेस्ट आणि सक्शन टूथब्रश दाखवायचा, आणि नुसतं सांगून नाही, त्यांच्या हातात ब्रश देऊन तुमच्यासमोर करून घ्यायचं.

असंच प्रत्येक गटाचं आपलं आपलं काहीतरी आहे. डाउन सिंड्रोममध्ये हिरड्यांचा आजार लवकर आणि जोरात येतो, शिवाय मानेच्या वरच्या मणक्यांची ढिलाई असू शकते, म्हणून मान मागे ताणायची नाही. सेरेब्रल पाल्सीत अचानक दात आवळले जातात, उशा लावून अंग नीट टेकवलं की ते कमी होतं. फेनिटॉइनवर (फिट्सचं औषध) असणाऱ्यांच्या हिरड्या वाढतात. डोकं-मानेच्या रेडिओथेरपीवाल्यांचं तोंड कोरडं ठाक, तिथे ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट. डिमेन्शियात सुरुवातीलाच पुढचा विचार करून, जे दात नंतर त्रास देतील त्यांचं आता काय ते ठरवायचं, कारण दोन वर्षांनी तोच माणूस खुर्चीत बसेल याची खात्री नसते. केअर होमसाठी नाइसची (उपचारांच्या गाइडलाइन काढणारी संस्था) २०१६ ची एनजी४८ गाइडलाइन आहे आणि सीक्यूसीचा (इंग्लंडातली केअरची तपासणी करणारी संस्था) २०१९ चा स्मायलिंग मॅटर्स रिपोर्ट आहे, दोन्ही छोटे आहेत, ट्रेनमध्ये वाचून होतात. फ्लोराइडसाठी डिलिव्हरिंग बेटर ओरल हेल्थ हे सरकारी मार्गदर्शन, चौथी आवृत्ती.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसाठी स्कॉटलंडच्या एसडीसीईपीचं (दातांच्या उपचारांचं मार्गदर्शन काढणारा कार्यक्रम) २०२२ चं मार्गदर्शन पाठ करा. वॉरफरिनवाल्याचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी टेस्ट) शक्यतो २४ तासांच्या आतला आणि ४ च्या खाली. ॲपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांवर असणाऱ्याचं रक्तस्रावाची कमी जोखीम असलेलं काम गोळी न थांबवता होतं. स्वतःच्या मनाने कुणाची गोळी बंद करायला सांगायची नाही, हे इतकं स्पष्ट असूनही लोक करतात.

बोरिंग वाटणारं पण सगळ्यात जास्त चालणारं शस्त्र म्हणजे ॲक्लिमटायझेशन. पहिल्या वेळी फक्त वेटिंग रूम, दुसऱ्या वेळी खुर्चीला हात लावणं, मग बसणं, मग स्वतःचा टूथब्रश घेऊन दात मोजणं, मग आरसा. प्रत्येक वेळी तीच खोली, तीच नर्स, तोच क्रम, आणि जिथे जमलं तिथेच थांबायचं, "आता आलोच आहोत तर" म्हणून पुढे ढकलायचं नाही. घरी आधी फोटोंची छोटी गोष्ट पाठवायची, खोली कशी दिसते, कोण भेटणार. पेशंटकडे हॉस्पिटल पासपोर्ट असेल तर तो वाचा, त्यात आवडीनिवडी, भीती, बोलायची पद्धत सगळं असतं. जिथे ड्रिल शक्यच नाही तिथे एआरटी (हाताच्या अवजारांनी कीड काढून फिलिंग) आणि एसडीएफ (कीड थांबवणारं चांदीचं औषध). एसडीएफने कीड काळी पडते, ते आधी दाखवून, फोटोसह बोलून घ्या, नाहीतर नंतर घरचे येऊन भांडतात.

सेडेशन आणि औषधं

इनहेलेशन सेडेशन, म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन, हे थेरपिस्टला ॲडिशनल स्किल म्हणून शिकता येतं. शिरेतून मिडाझोलाम आपलं नाही, पण दुसऱ्याने सेडेशन दिलेल्या पेशंटवर आपण काम करू शकतो. मान्यताप्राप्त कोर्स, मग देखरेखीखाली केसेस, लॉगबुक, आणि आयएलएस (तातडीच्या जीवरक्षणाचं ट्रेनिंग) अशा बेतानेच जावं लागतं, आयएसीएसडी या सेडेशनच्या समितीचे २०१५ चे स्टँडर्ड्स आहेत त्यासाठी. एसएएडी ही संस्था सेडेशनचे कोर्स घेते. फक्त वीकएंड कोर्स करून आलात आणि तुमच्या क्लिनिकमध्ये मशीनच नाही, सुपरवायझर नाही, तर ते शिकलेलं सहा महिन्यांत उडून जातं, म्हणून जिथे केसेस मिळणार तिथे नोकरी पक्की झाल्यावरच पैसे भरा. नाकाने श्वास घेता येत नसेल किंवा नाकावरचा मास्क अजिबात सहन होत नसेल तर याचा उपयोग नाही, आणि स्पेशल केअरमध्ये असे पेशंट कमी नसतात.

२६ जून २०२४ पासून कायद्यात बदल झालाय, लोकल ॲनेस्थेशिया, फ्लोराइड व्हार्निश, जास्त फ्लोराइडची पेस्ट अशा ठराविक गोष्टी थेरपिस्टला दरवेळी डेंटिस्टच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येतात. केअर होममध्ये एकटं गेल्यावर याचा किती फायदा होतो ते वेगळं सांगायला नको. पण त्यासाठीचं ट्रेनिंग घेतलेलं असलं पाहिजे, आणि याने तुम्ही प्रिस्क्रायबर होत नाही, चिठ्ठी लिहायचा अधिकार नाही.

आता कोर्स

वर्षभर हे सगळं केलंत की मग युनिव्हर्सिटीच्या साइट उघडा. पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट ६० क्रेडिटचं, डिप्लोमा १२० चा, मास्टर्स १८० चं, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास, म्हणजे सर्टिफिकेटलाच ६०० तास. नोकरी आणि घर सांभाळून हे करायचंय हे नवऱ्याला, बायकोला, सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

स्पेशल केअरच्या बऱ्याच पोस्टग्रॅज्युएट कोर्सना डेंटिस्टच लागतो, म्हणून सुंदर ब्रोशर बघून हुरळून जाण्याआधी एन्ट्री रिक्वायरमेंटची ओळ वाचा. "रजिस्टर्ड डेंटल प्रोफेशनल" असं असेल तर चान्स आहे, "रजिस्टर्ड डेंटिस्ट" असेल तर कोर्स लीडला ईमेल करून सरळ विचारा, भारतातली बीडीएस आणि यूकेत थेरपिस्टचं रजिस्ट्रेशन या जोडीला काही ठिकाणी वेगळं उत्तर मिळू शकतं. थेरपिस्ट आणि हायजिनिस्टसाठीचे ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिसचे मास्टर्स असतात, त्यात डिझर्टेशन स्पेशल केअरवर घेता येतं, तो पण चांगला मार्ग.

विचारायचे प्रश्न मी असे ठेवते. क्लिनिकल तास किती, नुसती लेक्चर आहेत की पेशंट पण? पेशंट त्यांचे की मी माझ्या नोकरीतून आणायचे? सुपरवायझर कोण देणार? मी थेरपिस्ट म्हणून माझ्या स्कोपमध्ये काम करताना असेसमेंट कशी होणार, की डेंटिस्टच्याच केसेसवर मार्क देणार? शेवटच्या प्रश्नाला कोर्सवाले अडखळले तर समजून जा की त्यांच्याकडे आजवर थेरपिस्ट आलेलाच नाही. त्यात वाईट काही नाही, पण पूर्ण फी देऊन तुमच्यावर प्रयोग होणार हे माहीत असू द्या. आणि ज्या कोर्समध्ये पेशंट शून्य, तो मास्टर्स असला तरी मी घेणार नाही, त्यापेक्षा चांगल्या क्लिनिकमधले सहा महिने जास्त शिकवतात.

पैशाचं म्हणाल तर आधी एम्प्लॉयरला विचारा, ट्रस्टकडे ट्रेनिंगचं बजेट असतं आणि मागणाऱ्यालाच मिळतं. इंग्लंडात सरकारी पोस्टग्रॅज्युएट लोन पूर्ण मास्टर्ससाठी असतं, सुट्या सर्टिफिकेट किंवा डिप्लोमासाठी नाही. साध्या वर्क व्हिसावर असाल तर ते लोनही सहसा मिळत नाही आणि फी पण ओव्हरसीज लागू शकते, सेटल्ड स्टेटस किंवा आयएलआर (कायम राहायची परवानगी) वर्षभरावर आलं असेल तर थांबण्यात शहाणपण आहे.

बीएसडीएच, म्हणजे ब्रिटिश सोसायटी फॉर डिसॅबिलिटी अँड ओरल हेल्थ, तिचं मेंबर व्हा. कॉन्फरन्सला चहाच्या वेळी ज्या ओळखी होतात त्यातून नोकऱ्यांची खबर लागते. आणि एनएचएसमध्ये असाल तर ई-लर्निंग फॉर हेल्थकेअर फुकट आहे, त्यातलं माउथ केअर मॅटर्स आधी बघा.

लॉगबुक

पहिल्या दिवसापासून लिहा, नंतर आठवत नाही. नाव, जन्मतारीख, केअर होमचं नाव काहीच नाही, फक्त वयोगट, अडचण काय होती, तुम्ही काय बदललंत, काय झालं. बीडीएचं (ब्रिटिश डेंटल असोसिएशन) केस मिक्स टूल वापरा, पेशंट किती अवघड ते मोजायला, त्यात संवाद, सहकार्य, मेडिकल स्थिती, तोंडाची जोखीम, पोचायला अडचण, कायदेशीर-नैतिक अडचण अशा सहा बाबींना ०, ए, बी किंवा सी देतात. समजा व्हीलचेअरवरच्या ६० वर्षांच्या बाई, स्ट्रोकनंतर बोलता येत नाही पण चित्रावर बोट ठेवतात, रक्त पातळ करायची गोळी चालू, नर्सिंग होममधून ॲम्ब्युलन्सने येतात. हे असं लिहिलंत की मुलाखत घेणाऱ्याला एका नजरेत कळतं की तुम्ही किती अवघड काम केलंय, नुसतं "दोन फिलिंग केली" यातून काही कळत नाही. खाली दोन ओळी, पुढच्या वेळी काय वेगळं करणार. सीपीडीला (रजिस्ट्रेशन टिकवायला लागणारं चालू शिक्षण) हेच जोडता येतं, थेरपिस्टला पाच वर्षांत ७५ तास लागतात आणि लागोपाठच्या कुठल्याही दोन वर्षांत मिळून किमान १०.

शेवटचा प्रश्न नेहमीचा, हे करून पुण्याला परत गेले तर उपयोग होईल का? भारतात डेंटल थेरपिस्ट असं रजिस्टरच नाही, १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये डेंटिस्ट, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक एवढेच, आणि स्पेशल केअर ही वेगळी एमडीएस ब्रँच पण नाही, बरंचसं काम पीडोवाले (लहान मुलांचे डेंटिस्ट) करतात. म्हणजे परत गेलात तर बीडीएस म्हणूनच काम कराल, इथलं सर्टिफिकेट भिंतीवर राहील. पण २०१६ च्या दिव्यांग कायद्याने यादी ७ वरून २१ प्रकारांवर नेलीये, आणि या सगळ्या मुलांना, मोठ्यांना धीराने बघणारे डेंटिस्ट आपल्याकडे शोधावे लागतात. स्टेट काउन्सिलचं रजिस्ट्रेशन मात्र चालू ठेवा, रिन्यूअल चुकवू नका, परत सुरू करायला फार फेऱ्या माराव्या लागतात.